हलका म्हणजे किती?

हृदयविकाराच्या झटक्यानंतर इस्पितळातून सुटताना माझ्या हातात जो कागद दिला, त्यावर सात गोळ्यांची नावं होती, पुढच्या तपासणीची तारीख होती आणि सगळ्यात खाली तीन शब्द होते : हलका व्यायाम करा. हलका म्हणजे किती, हे विचारायला मी तोंड उघडेपर्यंत डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले होते. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही; त्या सकाळी वॉर्डात खाटा कमी आणि माणसं जास्त होती. पण मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. मोघम शब्द दिसला की पेन्सिल आपसूक त्याच्याखाली जाते. 'हलका'खाली ओढलेली ती रेघ अजून त्या कागदावर आहे.

घरी आल्यावर त्या शब्दाचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावला. बायकोने लावला की उठायचंच नाही. आंघोळीचं पाणी मुलाने काढायचं, विहिरीकडे फिरकायचं नाही, देवळाच्या पायऱ्यांचं तर नावच नको. भेटायला येणारे शहाळी घेऊन येत आणि जाताना दारात थांबून बायकोला हळू आवाजात सांगत, 'जप हां त्यांना.' शेजारच्या भाऊंनी त्यांच्या मेव्हण्याची गोष्ट सांगितली. झटका येऊन महिना झाला होता, अंगणात पडलेला नारळ उचलायला वाकला आणि... पुढचं भाऊंनी हातानेच दाखवलं. त्या रात्री मी उशी सरकवतानाही विचार केला. खाट, न्हाणी आणि सोप्यातली आरामखुर्ची, एवढ्या त्रिकोणात मी तीन आठवडे काढले.

हे तीन आठवडे किती महाग पडले ते मला नंतर कळलं. अमेरिकेत डॅलसला १९६६ साली पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं खाटेवर निजवून ठेवलं होतं, शरीराचं काय होतं ते पाहायला. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं. विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने त्यांची कष्ट करण्याची ताकद जितकी उतरली होती, तितकी मधल्या तीस वर्षांच्या वयानेही उतरली नव्हती. आणि ती विशीतली मुलं होती. माझं वय ५८.

डॉक्टरांनाही हे एका दिवसात उमगलं नाही. झटका आलेल्याला महिना-दीड महिना खाटेला खिळवून ठेवायचं, हीच एके काळी रीत होती. बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या दोघांनी १९५२ साली रुग्णाला उठवून खुर्चीत बसवण्याचा उपचार मांडला, तेव्हा तोही धाडसाचा वाटला होता. आमच्या सोप्यात मात्र अजून १९५२च्या आधीचंच साल चाललं होतं, तेही प्रेमापोटी.

झटक्यानंतर माणसाला पुन्हा कामाला, चालायला, जगायला लावण्याचं जे शास्त्र आहे त्याला कार्डियाक रिहॅब म्हणतात, मराठीत हृदय-पुनर्वसन. बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम हा त्याचा कणा. जोडीला गोळ्यांची शिस्त, खाणं, तंबाखू सोडणं आणि मनातली भीती काढणं. त्याने हृदयविकारातून होणारे मृत्यू आणि पुन्हा इस्पितळात भरती होणं, दोन्ही कमी होतात, हे आता वादाचं राहिलेलं नाही. प्रगत देशांत त्याचा साधारण साचा असा : १२ आठवडे, आठवड्याला तीन खेपा, एकूण ३६. आणि तिथेसुद्धा ज्यांना याचा फायदा होईल त्यातले कितीतरी लोक केंद्राकडे फिरकत नाहीत. बायका आणि म्हातारी माणसं तर फारच कमी.

आता या ३६ खेपा गोव्याच्या नकाशावर मांडून पाहा. राज्य केवढं, ३,७०२ चौरस किलोमीटर. बाहेरच्या माणसाला वाटतं इथे सगळं हाकेच्या अंतरावर. पण वाळपईच्या पलीकडच्या वाड्यावरचा माणूस बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, म्हणजे गोमेकॉत, जायचा तर आधी वाळपईपर्यंत कुणाच्या तरी स्कूटरवर, मग पणजीची बस, मग तिथे उतरून दुसरी बस. काणकोणहून निघालेल्याला साठ किलोमीटरच्या पुढे. अर्ध्या तासाच्या व्यायामासाठी अख्खा दिवस, सोबत घरचं एक माणूस, म्हणजे त्याचाही रोज बुडाला. आणि हे सगळं जून ते सप्टेंबर, आमच्या पावसात. केंद्र कितीही उत्तम असलं तरी दुसऱ्या आठवड्यानंतर तिथे कोण जाईल? ज्याचं घर शेजारी ताळगावला आहे तो.

म्हणून घरबसल्या पुनर्वसनाची कल्पना गोव्याला परदेशातून आणलेली चैन वाटू नये. फोनवरून किंवा व्हिडिओवरून तज्ज्ञ बोलतो, व्यायाम घरच्या अंगणात होतो. केंद्रातलं पुनर्वसन आणि घरचं पुनर्वसन यांची तुलना करणाऱ्या २४ चाचण्यांचा, तीन हजारांवर रुग्णांचा आढावा कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये काढला. मृत्यू, व्यायामाची क्षमता, जगण्याची प्रत, यात दोन्हींमध्ये वर्षभराच्या टप्प्यापर्यंत फारसा फरक दिसला नाही. डॉक्टरांनी फोनवरून सल्ला द्यावा की नाही, हा कायद्याचा घोळही केंद्राच्या टेलिमेडिसिन नियमावलीने मार्च २०२० मध्येच मिटवला आहे.

मग प्रश्न उरतो तो वेगळाच, आणि त्याच्यासाठीच हा लेख. हे सगळं ठरवताना आम्हाला, म्हणजे ज्यांच्या छातीत स्टेंट बसला आहे त्यांना, कुणी विचारलं का? आम्हाला काय हवं असतं? माझ्या अनुभवावरून सांगतो : आम्हाला माणूस हवा असतो. ज्याला आपलं नाव ठाऊक आहे, जो मंगळवारी ठरल्या वेळी फोन करील आणि आपण उचलला नाही तर ज्याच्या लक्षात येईल, असा माणूस. तो पडद्यावर दिसला काय, नुसता ऐकू आला काय, फार फरक पडत नाही.

माझा योग असा की भाच्याच्या ओळखीने पणजीची एक फिजिओथेरपिस्ट मुलगी मिळाली. पैसे मोजून, अर्थात. पहिल्या दिवशी फोन पाण्याच्या कळशीला टेकवून उभा केला आणि तिने मला अंगण मोजायला लावलं. तुळशीपासून चिऱ्यांच्या कुंपणापर्यंत १५ मीटर भरलं. सहा मिनिटं इकडून तिकडे चालायचं, किती फेऱ्या होतात ते बायकोने मोजायचं. चौथ्या मिनिटाला बायको मोजायचं विसरली, कारण ती फेऱ्या नव्हे, माझा चेहरा बघत होती. मुलगी पडद्यावरून म्हणाली, 'काकी, त्यांना काही झालं तर मी सांगते. तुम्ही फक्त फेऱ्या मोजा.' त्या एका वाक्याने आमच्या घरातली निम्मी भीती गेली. माझी नव्हे, घराची. पुनर्वसन रुग्णाचं करतात. आमच्याकडे आधी बायकोचं करावं लागलं.

मग आली 'हलका'ची व्याख्या. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने श्रम मोजायची एक पट्टी केली आहे, ६ ते २०. सहापासून का, तर आकड्याला दहाने गुणलं की ढोबळ मानाने निरोगी माणसाच्या नाडीचे ठोके मिळावेत म्हणून. मला सांगितलं होतं, ११ ते १३मध्ये राहा. मी म्हटलं, मुली, मला वीसपैकी मार्क द्यायची सवय नाही. तेव्हा तिने सोपं करून सांगितलं : चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. आता मी भजनी मंडळातला. चालायला लागलो की ओठांवर अभंग येतोच. दुसऱ्या आठवड्यात तिला फोनवर माझं गुणगुणणं ऐकू गेलं आणि ती म्हणाली, 'काका, पाय उचला. तुम्ही गाताय.'

हे ॲपला ऐकू गेलं नसतं, असं मी म्हणणार होतो. उद्या जाईलही, सांगता येत नाही. पण सध्याची गोष्ट बोलू. मुलाने मला मनगटावरचं घड्याळ आणून दिलं. ते ठोके दाखवतं आणि वयाप्रमाणे 'अजून वेग वाढवा' असं सुचवतं. झटक्यानंतर बहुतेकांना मेटोप्रोलोलसारखी गोळी असते, आणि त्या गोळीचं कामच ठोके आवरून धरणं. मी धापा टाकत असताना घड्याळाला ठोके कमीच दिसायचे. त्याच्या सांगण्यावर चाललो असतो तर भाऊंच्या मेव्हण्याच्या जोडीला माझीही गोष्ट झाली असती. सरकार असो की विमा कंपनी, 'डिजिटल आरोग्य' म्हणत कुणी आमच्या हातात नुसतं ॲप ठेवणार असेल तर माझा त्याला विरोध आहे. ॲप स्वस्त पडतं, मोजायला सोपं जातं, किती जणांनी उतरवून घेतलं त्याचा आकडा पत्रकार परिषदेत सांगता येतो. पण ज्याने उतरवून घेतलं तो चालला का, हे त्या आकड्यात नसतं.

दुसरी बाजू म्हणते की म्हाताऱ्यांना फोन जमत नाही. हेही मला पटत नाही. आमच्या वाड्यावरच्या ७५ वर्षांच्या आजी दुबईतल्या नातवाला रोज व्हिडिओवर बघतात. त्यांना पासवर्ड जमत नाही, एवढंच. अडचण रेंजची खरी आहे. २०२०च्या टाळेबंदीत सत्तरी आणि सांगे तालुक्यांतल्या मुलांना ऑनलाईन तासासाठी डोंगर चढावे लागले होते. हृदयाच्या रुग्णाने रेंजसाठी डोंगर चढायचा म्हटलं तर पुनर्वसन वाटेतच उरकेल. तिथे साधा आवाजाचा फोन किंवा उपकेंद्रावरची नर्स हाच मार्ग, आणि तो कमी दर्जाचा समजायचं काही कारण नाही.

आता जरा अवघड गोष्ट. घर म्हणजे एकांत नव्हे, आणि आमची घरं तर मुळीच नव्हेत. पहिल्या काही दिवसांत फोन धरून मुलगा उभा असायचा. फिजिओ मुलगी विचारायची, झोप लागते का? मी म्हणायचो, लागते. साफ खोटं. रात्री कान उशीवर टेकला की ठोके ऐकू यायचे, आणि मी ते मोजत पडायचो, एखादा चुकतोय का बघत. मुलासमोर बाप हे सांगत नाही. एके दिवशी सकाळी अकराला, घरात कुणी नसताना, तिचा नुसता आवाजाचा फोन आला आणि मी दहा मिनिटं बोललो. झटक्यानंतर साधारण पाचातल्या एकाला चांगलंच नैराश्य येतं, हे मला तेव्हा कळलं. तोवर मला वाटत होतं मीच भित्रा. 'बायकोजवळ कधी जायचं' हा प्रश्नही त्याच फोनवर विचारला, तोही आडून. ती सहज म्हणाली, 'दोन जिने दम न लागता, छातीत न दुखता चढता येतात ना? मग डॉक्टरांना एकदा विचारा आणि काळजी सोडा.' वॉर्डाच्या फेरीत, पाच शिकाऊ डॉक्टरांसमोर, हे कोण विचारणार? दोन पेग घ्यावेत की नाही हेही गोव्यातला पुरुष सुनेच्या देखत विचारीत नाही. तेव्हा दूरस्थ सेवा आखणाऱ्यांनी एवढं तरी करावं : दर आठवड्याला एक फोन असा ठेवावा, जो रुग्णाने एकट्याने घ्यायचा.

खाण्याचंही तसंच. माझ्या कागदासोबतच्या छापील तक्त्यात होतं, लोणचं-पापड टाळा. मी पापड खात नाही, लोणचंही बेताचंच. मनात म्हटलं, सुटलो. पण त्या मुलीने तिसऱ्या आठवड्यात विचारलं, 'काका, तोरां घातलीत ना यंदा?' तोरां म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्या, रोज सकाळी पेजेबरोबर एक. वर पावसाळ्यात सुका बांगडा. तक्ता करणाऱ्याला तोरां ठाऊक नव्हती, तिला होती, कारण तिच्या आईच्या घरीही तीच बरणी. पुनर्वसन दुरून करायचं असेल तर बोलणारं माणूस जवळचं हवं. हैदराबादच्या किंवा गुरगावच्या कॉल सेंटरमधून आलेल्या फोनला माझ्या बरणीत डोकावता येणार नाही.

इथवर मी घराची बाजू घेतली. पण माझ्यासाठी जे घर आहे ते सगळ्यांसाठी तसं नाही, हे मला शेजारच्या वहिनींनी शिकवलं. भाऊंची बायको, वय ६३. दोन वर्षांपूर्वी त्यांनाही स्टेंट बसला. आठव्या दिवशी त्या चुलीपुढे होत्या, कारण चवथ तोंडावर आली होती आणि नेवऱ्या दुसऱ्या कुणाच्या हातच्या भाऊंना चालत नाहीत. मी कौतुकाने माझ्या घरबसल्या व्यायामाबद्दल सांगायला गेलो, तर वहिनी म्हणाल्या, 'घरी बसून? घरी बसायला मिळतं कुणाला?' मला खाटेवरून उठायची परवानगी हवी होती, त्यांना खाटेवर पडायची. व्हिडिओवर व्यायाम करायला त्या अंगणात उभ्या राहिल्या असत्या तर पाच मिनिटांत कुणी तरी चहा मागितला असता. आणि बायका दिवसभर घरकाम करतात तोच त्यांचा व्यायाम, असं म्हणणारे डॉक्टरही मी ऐकले आहेत. वाकणं, उचलणं, तासन् तास उभं राहणं याने थकवा येतो. ठरलेल्या लयीत, बेताबेताने वाढवलेलं चालणं ही वेगळीच गोष्ट. वहिनींसारख्यांना घराबाहेर पडायला निमित्त हवं असतं. त्यांच्यासाठी गावातलं आरोग्य केंद्र, देवळाचा मंडप, पंचायतीचं सभागृह, काहीही चालेल, जिथे आठवड्यातून दोनदा चारचौघी जमतील. भारतातच २४ इस्पितळांत ३,९५९ रुग्णांवर योगावर आधारलेल्या पुनर्वसनाची चाचणी झाली, २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. योगाने पुढचे झटके टळतात हे तिच्यात सिद्ध झालं नाही. पण रुग्णांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटली आणि ते आपल्या पूर्वीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. वहिनी हे वाचून म्हणतील, कामांकडे परतायची मला काय घाई?

सुरक्षिततेचा मुद्दा राहिला, आणि तो टाळून चालणार नाही. डॉक्टर मंडळी म्हणतात, अंगणात कुणी कोसळलं तर? देखरेखीखालच्या पुनर्वसनात हृदय बंद पडण्याचा प्रसंग रुग्णांच्या व्यायामाच्या एक लाखाहून अधिक तासांमागे एखादा, असा अमेरिकेतला हिशेब आहे. मात्र घरच्या चाचण्यांत बहुतेक कमी धोक्याचेच रुग्ण निवडलेले असतात, हेही खरं. ज्याच्या हृदयाची ताकद फार उतरली आहे, ज्याचे ठोके बिघडतात, चालताना ज्याच्या छातीत दुखतं, त्याच्या पहिल्या काही खेपा केंद्रातच, ईसीजी लावूनच व्हाव्यात. माझा हट्ट एवढाच की ही निवड इस्पितळातून सुटायच्या आधी, समोर बसवून, माझ्याशी बोलून व्हावी. जिभेखालची गोळी खिशात ठेवा, छातीत दुखलं तर थांबा, राहिलं नाही तर १०८ला फोन करा, हे मला सुटताना कुणी तोंडाने सांगितलं असतं तर भाऊंच्या मेव्हण्याचा माझ्यावर इतका पगडा बसला नसता.

आणि हे गोव्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. झटका येतो त्या घटकेला आपण कितीतरी राज्यांच्या पुढे आहोत. गावातल्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढतात, तो फोनवरून गोमेकॉतल्या हृदयतज्ज्ञांकडे जातो, गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथल्या तिथे देतात आणि मग रुग्ण बांबोळीला येतो. 'स्टेमी गोवा' म्हणून हा उपक्रम ओळखला जातो. गावाकडून बांबोळीकडे जाणारी वाट तयार आहे. तीच वाट उलट्या दिशेने का चालू नये? सुटलेल्या रुग्णाचं नाव त्याच्या गावच्या केंद्राकडे जावं, तिथल्या एका ठरलेल्या कर्मचाऱ्याने फोन करावा, अडलं तर बांबोळीच्या फिजिओला विचारावं. राज्य सरकारची दीन दयाळ स्वास्थ्य सेवा ही आरोग्य विमा योजना २०१६ पासून आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाखांचं कवच. या रकमांच्या शेजारी १२ आठवड्यांच्या फोनचा खर्च मांडून पाहावा. मला परवडला म्हणून मी पणजीहून माणूस मिळवला. छापखान्यात माझ्या शेजारी बसणाऱ्याला तो परवडला नसता, आणि त्याचं कोलेस्टेरॉल माझ्याहून वाईट आहे.

सेवा सुरू करायच्या आधी शंभरेक जुन्या रुग्णांना विचारा, एवढंच अधिकाऱ्यांना म्हणेन. बायकांना वेगळं विचारा, नवरे नसताना. छापील फॉर्मवर 'समाधानी, अतिशय समाधानी' अशा चौकटी देऊ नका; आम्ही गोंयकार, आलेल्याला वाईट वाटू नये म्हणून 'अतिशय'वर खूण करतो आणि चहा पाजतो.

वहिनी आता संध्याकाळी चारला माझ्या बायकोबरोबर तळ्यापर्यंत चालायला जातात. त्या फिजिओ मुलीनेच बायकोला ते सुचवलं होतं. त्या वेळेत भाऊ स्वतःचा चहा स्वतः करतात. साखर फार पडते, अशी त्यांची तक्रार आहे.